बंकर नाइन आणि लेमन सेट

नाशिकच्या सिडकोत रवी पिंगळ्याच्या घरी फ्रिजचं दार परकराच्या नाडीनं बांधलेलं असायचं. नाडी सोडली की दार आपोआप उघडायचं, आणि बांधायची राहिली तर दूध नासायचं. त्याच फ्रिजला पाठ टेकून रवी रोज संध्याकाळी एका भलत्याच यंत्राची काळजी वाहत बसायचा.

रवी सातपूरच्या एका कारखान्यात हिशेबनीस होता. वय चाळिशीला टेकलेलं, पोट वयाच्याही थोडं पुढं गेलेलं. जिना चढताना त्याला मध्येच थांबून कठडा धरावा लागे. पण 'बंकर नाइन' नावाचा बंदूकबाजीचा जो गेम येणार होता, त्यात हा गृहस्थ तुकडीचा कॅप्टन होणार होता. गेम अजून आला नव्हता. तो कित्येक वर्षं नुसता येतच होता. कंपनी दर वर्षी एक झलक दाखवायची, तारीख सांगायची आणि तारीख जवळ आली की जाहीर माफी मागायची. रवी आणि त्याचा मेहुणा सनी ती माफीसुद्धा पुन्हा पुन्हा लावून बघायचे.

या वेळी मात्र तारीख पक्की होती, दसऱ्याची संध्याकाळ. गेमला कॉम्प्युटर कसला लागेल तेही कंपनीनं सांगून टाकलं होतं. 'किमान' एवढा आणि 'शिफारस' एवढा. रवीचा कॉम्प्युटर किमानच्याही खाली होता.

"दाजी, किमानवर गेम चालतो, पण झाडं दिसत नाहीत," सनी म्हणाला.

"मग काय दिसतं?"

"हिरवे ठोकळे. ठोकळ्यामागचा दुश्मन दिसायच्या आत तुम्ही मेलेले असता."

"आणि शिफारसवर?"

"शिफारसवर पानावरचं दवसुद्धा दिसतं."

खऱ्या पानावरचं दव रवीनं कधी पाहिलं होतं देव जाणे, तेवढ्या सकाळी तो उठतच नसे. पण हे दव बघितल्याशिवाय आता त्याला अन्न गोड लागेना. त्यातून तुकडीचा नियम ठरलेला होता, ज्याचं मशीन भारी तो कॅप्टन. कारखान्यात साहेब त्याला 'अहो पिंगळे, जरा इकडं या' म्हणत, घरी आई 'रव्या' म्हणे. एकदा तरी कुणी आपल्याला कॅप्टन म्हणावं, एवढीच बिचाऱ्याची इच्छा होती.

"बोनस आला की आधी फ्रिज," असं त्याच्या बायकोनं, छायानं, पावसाळ्यातच सांगून ठेवलं होतं. रवीनं मान डोलावली होती. या वर्षी बोनस गणपतीनंतर लगेच झाला, हे मात्र त्यानं घरी कळू दिलं नाही. त्याच पैशांतून त्यानं ग्राफिक्स कार्ड आणलं. हे कार्ड म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात बसवायची तीन पंख्यांची काळी जाडजूड पट्टी. पडद्यावरची चित्रं पळवायचं काम तिचं. किंमत विचारू नका, तेवढ्यात चांगला फ्रिज आला असता.

कार्ड आणलं खरं, पण तेव्हा पितृपक्ष चालू होता. रवीची आई, लताबाई, पितृपक्षात घरात नवी केरसुणीसुद्धा येऊ देत नसत. तेव्हा घटस्थापनेपर्यंत कार्ड दडवायचं आणि घटस्थापनेला 'कारखान्यानं कामासाठी दिलंय' म्हणून मिरवत बाहेर काढायचं, असा बेत ठरला. एका थापेत आई आणि बायको दोघींचा बंदोबस्त झाला, म्हणून रवी स्वतःवर फार खूश होता.

दडवायला त्यानं निवडला माळ्यावरचा लेमन सेट. छायाच्या देवळाली कॅम्पच्या मामांनी, धोंडीराममामांनी, तो रवी-छायाच्या लग्नात आहेर म्हणून दिला होता. एक काचेचा जग, सहा ग्लास. लेमन सेट ही वस्तू वापरण्यासाठी नसतेच. ती माळ्यावर ठेवण्यासाठी आणि वेळ आली की पुढं ढकलण्यासाठी असते, हे आपल्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. रवीनं जग आणि ग्लास गुपचूप कारखान्याच्या कॅन्टीनला देऊन टाकले. कार्ड दोन जुन्या बनियनांत गुंडाळून खोक्यात बसवलं आणि वरचा चमकीचा कागद होता तसा चिकटवला.

माळ्यावरच्या प्रत्येक खोक्यावर आईचा डोळा असतो, एवढी साधी गोष्ट मात्र या हिशेबनिसाच्या हिशेबातून सुटली.

घटस्थापनेच्या संध्याकाळी रवी शीळ घालत स्टुलावर चढला. माळ्यावर लेमन सेटच्या जागी रिकामा चौकोन होता, बाजूनं धूळ.

"आई! तो लेमन सेटचा खोका कुठंय?"

"घोटीला गेला," लताबाई फुलवाती वळता वळता म्हणाल्या. "गोटीरामच्या घराची वास्तुशांत होती ना आज. तुला सांगितलं तर म्हणालास, मला कामं आहेत. मीच जाऊन आले."

"अगं, पण तोच कशाला दिलास?"

"मग काय कढई देऊ? पडूनच होता की. आणि तुला कधीपासून रे लेमन सेटचा एवढा पुळका?"

रवी स्टुलावरून उतरला आणि तसाच स्टुलावर बसला. खरं सांगावं तर पितृपक्ष, त्यामागं बोनस आणि त्यामागं फ्रिज उभा होता. तो हाताची धूळ झटकत बसला. छायानं मात्र त्याच्याकडं जरा जास्त वेळ बघितलं.

रविवारी स्कूटर काढून तो घोटीला गेला. गोटीराम त्याचा मामेभाऊ, तांदळाचा व्यापारी. नव्या घराला रंगाचा वास येत होता. गोटीरामची बायको फुलाबाई दारातच ओरडली, "आवं, या या! वाट चुकले का काय?"

"वास्तुशांतीला जमलं नाही, म्हटलं घर बघून यावं." रवीनं सगळं घर पाहिलं, माळ्याखाली जरा जास्तच रेंगाळला. मग शक्य तितक्या सहज आवाजात म्हणाला, "आईनं दिलेला लेमन सेट... नीट आहे ना? काच कुठं तडकली बिडकली नाही ना?"

फुलाबाईनं क्षणभर नवऱ्याकडं बघितलं. मग तिचा चेहरा एकदम फुलला. "लय भारी हाय! रोज त्यातच सरबत पितो आमी. कालच पाव्हणं आलं व्हतं, सगळ्यांनी इचारलं, कुठून आणला म्हणून."

"त्यातच पिता? ग्लासांत?"

"मंग काय जगाला त्वांड लावून पिऊ?"

त्या खोक्यात ग्लासच नाहीत, हे या भूतलावर फक्त रवीला ठाऊक होतं आणि ते बोलायची सोय नव्हती. "मग आज पण त्यातच द्या ना सरबत," तो केविलवाणं म्हणाला.

"आज नाय. आज धुवायला टाकल्यात."

"सगळे?"

"सगळे! जगसुदीक!" असं म्हणून तिनं स्टीलच्या पेल्यात सरबत आणून आदळलं. रवीनं ते प्यायलं. त्यात साखर कमी होती, पण तक्रार कोणत्या तोंडानं करणार?

निघताना गोटीराम स्कूटरपर्यंत आला. आजूबाजूला बघून हळूच म्हणाला, "रवीभाऊ, आत्याला सांगू नको हां. त्यो लेमन सेट पुढं गेला. हरसूलचे रंगनाथ गुरुजी, आमचे मेव्हणे, त्यांची साठी व्हती. ऐन टायमाला काय घेनार? उघडलाबी नाय रे, आईशप्पथ. तसाच दिला."

"उघडला नाही ना? नक्की?"

"आरं, उघडला आसता तं देता आला आसता का?"

रवीला एवढा आनंद झाला की त्यानं गोटीरामला मिठीच मारली. गोटीरामनं ती मोठ्या मनाची माफी समजून डोळे पुसले.

सोमवारपासून कारखान्यात वर्षअखेरीची असल्यासारखी तपासणी निघाली आणि रवी अडकला. सनी रोज फोन करून दसऱ्याला किती वेळ उरला ते सांगायचा. कार्ड गायब झालंय हे रवीनं त्याला सांगितलं नव्हतं. कॅप्टननं रणांगणावर जायच्या आधीच तोफ हरवली, हे शिपायाला कसं सांगायचं? शेवटी खंडेनवमीला आत्या आजारी असल्याची थाप ठोकून त्यानं रजा काढली आणि त्र्यंबकवरून हरसूल गाठलं. वाटेत दोन्ही बाजूंना हिरवंगार रान होतं, पानापानावर पाणी चमकत होतं. त्याला त्यातलं काही दिसलं नाही.

रंगनाथ गुरुजी शाळेतून निवृत्त झाले होते, पण बोलणं अजून फळ्यासमोरचंच होतं.

"लेमन सेट! अहो, काय सांगू तुम्हाला! त्या ग्लासांवरची पाखरांची नक्षी! मी हिला म्हटलं, ही वस्तू वापरायची नाही. नुसती बघायची."

"पाखरं होती?" रवीच्या आठवणीत ग्लासांवर लिंबाच्या फोडी होत्या.

"राघू. हिरवे."

आता मात्र रवीचा धीर सुटला. सगळेच जर न बघितलेल्या ग्लासांचं कौतुक करणार असतील, तर त्याचं कार्ड असंच फिरत फिरत सुरतेला जायचं. काहीतरी जालीम बोलायला हवं होतं, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "गुरुजी, घोटाळा झालाय. आमच्या कुलदेवीचा टाक चुकून त्या खोक्यात गेलाय."

गुरुजींचा चेहरा उतरला. देवघरातला चांदीचा टाक, तोही नवरात्रात, आणि आहेराच्या खोक्यात! राघू एका क्षणात उडाले.

"अरे देवा! मग खरं सांगतो, मी तो उघडलेलाच नाही हो! परवा आमचे व्याही आले होते, देवळाली कॅम्पचे. त्यांना रिकाम्या हातानं कसं पाठवायचं, म्हणून तोच दिला. धोंडीराम. फौजेत हवालदार होते."

"धोंडीराममामा? आमच्या हिचे मामा?"

म्हणजे ज्यानं लग्नात दिला त्याच्याच घरी खोका जाऊन बसला होता, आणि त्या भल्या माणसानंही तो ओळखला नव्हता. गुरुजींनी लगेच फोन लावला. "व्याही, त्या खोक्यात पिंगळ्यांच्या कुलदेवीचा टाक आहे. उघडू नका, जमिनीवर ठेवू नका..."

"सांगा त्यांना, तिथंच ठेवा, मी येतोय!" रवी मध्येच ओरडला.

गुरुजींनी फोनकडं पाहिलं. "फोन ठेवला त्यांनी. फौजी माणूस. अर्धं ऐकतात आणि कामाला लागतात."

रवीला तडक निघायचं होतं, पण शस्त्रपूजेच्या दिवशी पाहुणा उपाशी जाऊ द्यायला गुरुजींची बायको तयार होईना. जेवण होईतो घाटात धुकं उतरलं आणि त्याला तिथंच मुक्काम करावा लागला. पहाटे उठून त्यानं स्कूटर हाणली ती थेट देवळाली कॅम्पात.

दार उघडलं भागीबाईनं, म्हणजे मामीनं. "अगंबाई, जावईबापू! तुम्ही इकडं कसे?"

"मामा कुठंयत? तो खोका..."

"अहो, ते काल संध्याकाळीच तुमच्याकडं गेले. गुरुजींचा फोन आला नि लगेच अंघोळ केली, सोवळं नेसले, खोका डोक्यावर घेतला. पायात चप्पलसुद्धा नाही. रिक्षावाला म्हणाला खोका मागं ठेवा, तर त्याला असलं झापलं म्हणता! चालतच निघाले. म्हणाले, आता छायाचा वाढदिवस करूनच येतो."

"कुणाचा?"

मामी त्याच्याकडं बघतच राहिली. "आज दसरा ना? छायाचा जन्म दसऱ्याचा. आम्ही तिथीनंच करतो तिचा वाढदिवस."

वर्षभर रवीच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात दसऱ्याला लाल गोल होता. त्या गोलात बंकर नाइन होतं. छाया कुठंच नव्हती. त्यानं तशीच स्कूटर वळवली. सिडकोपर्यंत तो काय वेगानं आला, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

दारावर झेंडूचं तोरण होतं आणि आत माणसं होती. शेजारच्या साळूबाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन बसल्या होत्या. धोंडीराममामा सोवळ्यात छाती काढून पहारा देत होते. देवघरासमोर पाटावर तांब्याचं ताम्हन होतं. ताम्हनात, झेंडूच्या माळेखाली, तीन पंख्यांची काळी पट्टी होती. लताबाई तिच्यावर दही घालत होत्या.

रवीच्या घशातून जो आवाज निघाला, तो माणसाचा वाटला नाही.

"आलास? बरोबर वेळेवर आलास बघ," लताबाई म्हणाल्या. "दूध झालं. दही चाललंय. तूप, मध, साखर राहिलंय."

"आई, थांब! अगं, ते... तो..."

"तो काय?" छायानं विचारलं. तिनं नवी साडी नेसली होती. "टाकच आहे ना तो? गुरुजींना तुम्हीच सांगितलंत म्हणे."

सगळे रवीकडं बघत होते. मामांच्या तळव्यांना तर अनवाणी चालून फोड आले होते. आता हा टाक नाही म्हणावं, तर मामा त्याला तिथंच उलटा टांगतील. आहे म्हणावं, तर पुढं तूप होतं.

"टाकच आहे," रवी मेल्या आवाजात म्हणाला.

"मग हात जोडा की."

रवीनं हात जोडले.

"काय गं छाया, टाकाला पंखे कसे?" साळूबाईंनी वाकून विचारलं.

"नव्या पद्धतीचा आहे, काकू. देवी गरम होऊ नये म्हणून," छाया म्हणाली.

तूप एका पंख्यातून आत गेलं आणि दुसऱ्यातून बाहेर आलं. मध कुठं गेला ते कळलंच नाही. साखर घालायचा मान रवीला मिळाला. पानावरचं दव, ठोकळ्यामागचे दुश्मन, कॅप्टनपद, सगळं त्याच्या डोळ्यांसमोर पंचामृतात बुडालं. आरतीत त्याचे डोळे वाहत होते. मामा खूश झाले. "जावईबापूंची श्रद्धा बघा," ते साळूबाईंना म्हणाले.

आरती संपतेय तोच खाली टेम्पोचा हॉर्न वाजला. जिन्यातून सनीचा आवाज आला, "सांभाळून, कोपरा लागेल!" आणि दोन हमालांच्या खांद्यावरून एक भलामोठा खोका घरात आला. खोक्यावर फ्रिजचं चित्र होतं.

"हा कुणाचा?" रवीनं विचारलं.

"आपला," छाया म्हणाली. "माझ्या वाढदिवसाचा. तुमच्याकडून."

सनी रवीच्या नजरेला नजर देईना. छायानंच सगळं सांगितलं. काल मामांनी खोका आणून दिला. टाक तर देवघरात जागच्या जागी होता, मग हा दुसरा कुठला, म्हणून तिनं तो उघडला. इतक्या घरांतून फिरून आलेला तो खोका उघडणारी ती पहिलीच. बनियन ओळखीचे निघाले. मग सनीला बोलावून दोन शब्द विचारले, आणि त्यानं दुकान, बोनस, पितृपक्ष सगळं भडाभडा ओकलं. दुकान त्याच्याच मित्राचं. कार्ड परत घेऊन मित्रानं पैसे दिले, त्यात हा फ्रिज आला.

"मग... मग हे काय आहे?" रवीनं ताम्हनाकडं बोट दाखवलं.

"ते माझं जुनं. गेल्या उन्हाळ्यात जळलेलं," सनी पुटपुटला. "ताईनं मागितलं, मी दिलं."

"आई, तुला माहीत होतं?"

"मग!" लताबाई हात पुसत म्हणाल्या. "पितृपक्षात घरात वस्तू आणलीस, वर देवीच्या नावानं थाप मारलीस. म्हटलं, अभिषेक कार्डाला नको, तुलाच घालू."

धोंडीराममामांना आता कुठं उलगडा होत होता. त्यांनी आधी स्वतःच्या तळव्यांकडं बघितलं, मग रवीकडं. रवी पटकन छायाच्या मागं जाऊन उभा राहिला.

तेवढ्यात सनीचा मोबाइल वाजला. त्यानं वाचलं आणि तो मटकन खुर्चीत बसला. "दाजी. गेम पुढं ढकलला."

"किती?"

"पुढच्या वर्षी. माफी मागितलीय." त्यानं आणखी वाचलं. "आणि नवीन यादी टाकलीय. तुमचं ते कार्ड आता शिफारसमध्ये नाही, किमानमध्ये गेलं."

"म्हणजे हिरवे ठोकळे?"

"ठोकळेच."

रवी हसायला लागला. आधी बारीक, मग पोट धरून. छायाही हसली, आणि तिनं फ्रिजसोबत दुकानातून आलेली फुकटातली भेट उघडली. लेमन सेट होता. तिनं लगेच त्यात सरबत केलं आणि पहिला ग्लास रवीला दिला. त्यानं "वाढदिवसाच्या शुभेच्छा" असं म्हणून बघितलं. छायानं ते ऐकून घेतलं, एवढंच.

संध्याकाळी सोनं वाटून झाल्यावर ती फ्रिजचा रिकामा खोका घडी करायला लागली. रवी बराच वेळ तो खोका न्याहाळत होता.

"राहू दे ना तो," तो हळूच म्हणाला. "माळ्यावर ठेवू. कशालातरी लागेल."

"ठेवू की," छाया म्हणाली. "फक्त आत काही ठेवाल तेव्हा आधी मला सांगा. म्हणजे वास्तुशांतीला द्यायचा का बारशाला, ते ठरवता येईल."